प्रकाशाची कळ आणि रेणूंची पकड
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)



शताब्दी व्याख्यानमालेचे एक पुष्प विज्ञानासाठी राखून ठेवावे आणि ते मी गुंफावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर साहित्य, संगीत आणि इतिहास यांचा वावर अधिक असावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापून प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनज्ञाच्या हाती सोपवले आणि तेथे रंगविद्येचे शिक्षण सुरू केले, त्या बडोद्यात रसायनशास्त्र परके मानण्याचे कारण नाही. आजचा विषय रंगाऱ्याच्या पिंपापासून फार दूरचा नाही, हे पुढे ध्यानात येईलच.

विषय असा आहे. काही रेणूंवर विशिष्ट रंगाचा प्रकाश पडला की त्यांचा आकार बदलतो आणि आकार बदलला की ते दुसऱ्या रेणूला धरतात, किंवा धरलेल्या रेणूला सोडून देतात. भिंतीवरची कळ दाबावी आणि दिवा लागावा वा विझावा, तसे हे रेणू प्रकाशाने चालू किंवा बंद होतात. म्हणून त्यांना मी 'प्रकाशकळ' असे नाव देतो. या निमित्ताने मला एकच गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. रेणूंच्या व्यवहारात धरणे हे तुलनेने सोपे आहे; हवे तेव्हा आणि हवे तेथे सोडणे हे कठीण आहे. प्रकाशकळीचे खरे मोल या सोडण्यात आहे.

रसायनशास्त्र म्हटले की आपल्यासमोर ज्वलन, स्फोट, आम्ल आणि अल्कली उभे राहतात. म्हणजे जेथे जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात अशा घटना. परंतु सजीवांच्या शरीरातील कितीतरी महत्त्वाची कामे याहून सौम्य रीतीने चालतात. एक रेणू दुसऱ्याजवळ येतो, क्षणभर त्याला धरतो आणि सोडून देतो. एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञाने १८९४ साली या ओळखीसाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. एंझाइम हे कुलूप आणि ज्या पदार्थावर ते कार्य करते तो पदार्थ ही किल्ली. खाचा जुळल्या तरच किल्ली बसते. ही उपमा शंभरांहून अधिक वर्षे टिकली. मात्र किल्ली बसण्याकडे जेवढे लक्ष गेले तेवढे ती पुन्हा निघण्याकडे गेले नाही. कुलपात अडकून बसलेली किल्ली काय कामाची, हे घरोघरी ठाऊक असते.

रक्तातील हिमोग्लोबिनचेच उदाहरण घ्या. फुप्फुसात ते ऑक्सिजनला धरते आणि स्नायूंपर्यंत जाऊन त्याला सोडते. त्याची पकड सैल असती तर ऑक्सिजन फुप्फुसातच राहिला असता आणि फार घट्ट असती तर तो रक्तातच फिरत राहिला असता. कार्बन मोनॉक्साइड या वायूला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. हिवाळ्याच्या रात्री दारे-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशा बातम्या आपण वाचतो. त्या माणसांच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे होते. ते धरायलाही तयार होते. पण जे धरले होते ते त्याला सुटत नव्हते.

याच वायूच्या अभ्यासात प्रकाशाने पहिल्यांदा आपला हात दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन आणि लोरेन स्मिथ यांना असे आढळले की, कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या रक्ताच्या द्रावणावर प्रखर प्रकाश पडला की हा हट्टी वायू हिमोग्लोबिनपासून सुटू लागतो. अंधार केला की पुन्हा चिकटतो. पुढे १९२० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी याच गुणाचा मोठ्या चातुर्याने उपयोग केला. यीस्टच्या पेशींचा श्वास कार्बन मोनॉक्साइडने कोंडला जातो आणि प्रकाशात तो पुन्हा सुरू होतो, हे त्यांनी पाहिले. मग निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकून कोणत्या रंगाने श्वास किती मोकळा होतो, हे मोजले. त्या मोजमापांवरून श्वसनाच्या एंझाइममध्ये हिमोग्लोबिनसारखाच लोहयुक्त घटक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते एंझाइम शुद्ध रूपात त्यांच्या हाती लागलेले नव्हते. केवळ प्रकाशाने पकड सुटते कशी, यावरून त्याची ओळख पटली. १९३१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना श्वसनाच्या एंझाइमवरील या कार्यासाठी मिळाले.

आता सहज प्रश्न येतो की, प्रकाशाला हे साधते कसे? उष्णतेनेही रेणू हलतात. मग प्रकाशात वेगळे काय? उष्णता ही गर्दीतल्या धक्काबुक्कीसारखी असते. ती सर्वांना थोडी थोडी मिळते आणि कोणाला किती मिळावी यावर आपला ताबा नसतो. प्रकाश मात्र कणाकणांनी येतो आणि प्रत्येक कणाची ऊर्जा त्याच्या रंगाने ठरलेली असते. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा ही खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत वावरणाऱ्या सरासरी ऊर्जेच्या शंभरपटींहून अधिक असते. शिवाय ज्या रेणूला तो रंग शोषता येतो त्यालाच ती मिळते. शेजारचे पाणी, मीठ, साखर यांना तिचा स्पर्शही होत नाही. भरल्या सभेत एकाच माणसाला नावाने हाक मारावी तसा हा प्रकार आहे. दिवा लावला की हाक जाते, मालवला की थांबते. मागे कोणताही पदार्थ उरत नाही.

अशी हाक ऐकणाऱ्या रेणूंमध्ये अग्रमान ॲझोबेंझीनकडे जातो. दोन बेंझीन वलये आणि त्यांना जोडणारा दोन नायट्रोजन अणूंचा पूल, एवढीच त्याची रचना. आयलहार्ड मिचरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ साली त्याचे वर्णन केले. पुढे १८५८ साली पेटर ग्रीस याने शोधलेल्या अभिक्रियेमुळे असा नायट्रोजनचा पूल असलेले असंख्य रंग तयार करता येऊ लागले. आज जगात बनणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी अर्ध्याहून अधिक रंग या ॲझो कुळातले आहेत. आपल्या अंगावरील लाल, केशरी, पिवळ्या कपड्यांत हा पूल कोठे ना कोठे असण्याची शक्यता मोठी. कलाभवनाच्या काळात रंगविद्या शिकणाऱ्याला ज्या नव्या रंगांची ओळख करून घ्यावी लागे, त्यांतही हेच कूळ प्रमुख होते.

शंभर वर्षे हा रेणू माणसाच्या हाताखालून गेला, पण त्याचे दुसरे रूप कोणाच्या लक्षात आले नाही. १९३७ साली जी. एस. हार्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ॲझोबेंझीनच्या द्रावणावर प्रकाश पडला की त्यातील काही रेणूंचा आकार बदलतो. नेहमीच्या रूपात दोन वलये पुलाच्या विरुद्ध बाजूंना असतात आणि रेणू सरळ व सपाट दिसतो. याला 'ट्रान्स' म्हणतात. प्रकाशाने दोन्ही वलये एकाच बाजूला येतात आणि रेणू कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाकतो. याला 'सिस' म्हणतात. अणू तेच, त्यांची संख्या तीच, कोणाशी कोण जोडलेला हेही तेच. फक्त बैठक निराळी. अशा रूपांना रसायनशास्त्रात समघटक म्हणतात. सरळ रूपात रेणूच्या दोन टोकांच्या कार्बन अणूंमधील अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटर असते, वाकलेल्या रूपात ते सुमारे ०.५५ नॅनोमीटरवर येते. नॅनोमीटर म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा जवळजवळ एक लक्षांश. एवढ्याशा जगात ही घट फारच मोठी आहे. जंबुपार प्रकाशाने रेणू वाकतो, निळ्या प्रकाशाने पुन्हा सरळ होतो. अंधारात ठेवला तरी उष्णतेने तो हळूहळू सरळ होतोच, मात्र त्याला तास किंवा दिवसही लागतात.

ही झाली नुसती कळ. तिला पकड कोठून मिळाली, हे समजण्यासाठी आणखी एका माणसाची ओळख करून घ्यावी लागेल. चार्ल्स पेडरसन यांचा जन्म १९०४ साली कोरियातील बुसान येथे झाला. वडील नॉर्वेचे, आई जपानी. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत त्यांनी संशोधक म्हणून आयुष्य काढले. डॉक्टरेट त्यांनी कधी घेतली नाही. दुसराच एक पदार्थ बनवण्याच्या प्रयत्नात त्यांना तळाशी पांढरे, रेशमासारखे स्फटिक मिळाले. शेकडा अर्ध्याहूनही कमी प्रमाणात मिळालेला हा जोडपदार्थ त्यांनी फेकून दिला नाही. तपासाअंती असे दिसले की, हा रेणू कार्बन आणि ऑक्सिजन अणूंचे एक कडे आहे आणि त्याच्या मध्यभागी सोडियम किंवा पोटॅशियम यांचा विद्युत्‌भारित अणू, म्हणजे आयन, जाऊन बसतो. प्रतिकृतीत ते कडे आयनाच्या माथ्यावरच्या मुकुटासारखे दिसे, म्हणून त्यांनी या पदार्थांना 'क्राऊन ईथर' असे नाव दिले. १९६७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांच्यासह १९८७ चे नोबेल पारितोषिक पेडरसन यांना मिळाले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते.

मुकुटाचे मर्म मापात आहे. सोडियम आयनाचा व्यास सुमारे ०.२० नॅनोमीटर, पोटॅशियमचा सुमारे ०.२७. पाच ऑक्सिजन अणूंच्या लहान मुकुटात सोडियम चांगला मावतो. पोटॅशियमला सहा ऑक्सिजनचा मोठा मुकुट लागतो. बांगडीचे माप चुकले की ती एक तर हातात जात नाही किंवा गळून पडते, तसेच हे.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र आणा. जपानमधील सेइजी शिंकाई आणि त्यांचे सहकारी यांनी नेमके हेच केले. त्यांचे काम १९८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी ॲझोबेंझीनच्या दोन्ही टोकांना एकेक लहान मुकुट बसवला. रेणू सरळ असताना दोन मुकुट एकमेकांपासून दूर असतात आणि पोटॅशियमसारख्या मोठ्या आयनाला एकट्या मुकुटात नीट बसता येत नाही. जंबुपार प्रकाश टाकला की रेणू वाकतो, दोन्ही मुकुट समोरासमोर येतात आणि त्यांचे एक संपुट होते. त्या संपुटात पोटॅशियम आयन सापडतो. निळा प्रकाश टाकला की संपुट उघडते आणि आयन सुटतो. स्वयंपाकघरात गरम पातेले उचलणारी सांडशी आठवा. येथे तिच्या दांड्या दाबणारा हात प्रकाशाचा आहे. शिंकाई यांनी स्वतः या हालचालीला फुलपाखराच्या पंखांची उपमा दिली.

या प्रयोगाचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एका बाजूला पोटॅशियमयुक्त पाणी, दुसऱ्या बाजूला निराळे पाणी आणि मध्ये पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाचा पडदा अशी रचना करायची. आयनाला आपल्या आपण तो पडदा ओलांडता येत नाही. कोणीतरी भोई होऊन त्याला वाहून न्यावे लागते. भोई दुबळा असेल तर या काठावर आयन उचललाच जात नाही. म्हणून पकड घट्ट करावी, तर पलीकडच्या काठावर तो सुटत नाही. भोई पालखीसकट पडद्यातच अडकून राहतो. म्हणजे नुसती पकड वाढवून वाहतूक वाढत नाही. एका मर्यादेनंतर ती मंदावते. शिंकाई यांच्या रेणूने यातून वाट काढली. उचलताना वाकलेले रूप, सोडताना सरळ रूप. प्रकाशाच्या आळीपाळीने वाहतुकीचा वेग वाढला. धरणारा रेणू आणि सोडणारा रेणू एकच, पण काळ आणि स्थळ पाहून वागणारा.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. संपुटात मोठा आयन असताना तो वाकलेला रेणू अंधारात सरळ व्हायला अधिक वेळ घेतो. म्हणजे कळ पाहुण्याला धरते एवढेच खरे नाही. पाहुणाही कळीला धरून ठेवतो. रेणूंच्या जगात एकतर्फी पकड नसते. औषधांचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

माणसाने हे विसाव्या शतकात साधले. निसर्गाने ते कितीतरी आधी साधलेले आहे आणि त्याची साक्ष आपण या क्षणीही डोळ्यांनी घेत आहोत. डोळ्याच्या दृष्टिपटलात ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या पोटात रेटिनल हा वाकलेला रेणू बसवलेला असतो. तो तेथे आहे तोवर ते प्रथिन निद्रिस्त राहते. प्रकाशकण आला की रेटिनल सरळ होतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात हे घडते. आत जागा अपुरी पडते, प्रथिनाला आपला आकार बदलावा लागतो आणि त्या नव्या आकाराला शेजारचे दुसरे प्रथिन येऊन चिकटते. तेथून मेंदूकडे निरोप निघतो. पाहणे या आपल्या सर्वांत समृद्ध अनुभवाच्या मुळाशी एका रेणूचे सरळ होणे आणि दुसऱ्याचे चिकटणे आहे.

येथेही सोडण्याचा प्रश्न आहेच. सरळ झालेला रेटिनल प्रथिनातून बाहेर पडावा लागतो, पुन्हा वाकवून आणावा लागतो, तेव्हा कळ पुन्हा तयार होते. दुपारच्या उन्हातून एकदम नाट्यगृहात शिरलो की आसनक्रमांक दिसत नाही आणि डोळा अंधाराला पुरता सरावण्यास अर्धा तास वा अधिक लागतो, त्याचे मुख्य कारण हे. रेटिनल अ जीवनसत्त्वापासून बनतो. त्याचा पुरवठा तुटला की कळी भरून निघत नाहीत आणि माणसाला रातांधळेपणा येतो. दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व असते, हे जॉर्ज वॉल्ड या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३३ साली दाखवले, आणि तेही बर्लिनला, वर उल्लेखिलेल्या वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत. वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरे उदाहरण तर अनेक घरांतले आहे. बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत त्याची कांती पिवळी दिसू लागते आणि डॉक्टर त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात. आजीला काळजी वाटते. नुसत्या दिव्याने कावीळ कशी उतरेल? याची कथा १९५६ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, रॉचफर्ड येथील रुग्णालयात सुरू झाली. तेथील सिस्टर जे. वॉर्ड अकाली जन्मलेल्या बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावर जेथे दुपट्याचा कोपरा होता तेवढाच भाग पिवळा आणि उघडा भाग फिकट झालेला त्यांनी डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पिवळेपणाचे कारण बिलिरुबिन हा रेणू. त्याच्या अंगी पाण्याला धरण्याजोगे भाग आहेत. पण तो असा दुमडलेला असतो की हे भाग हायड्रोजन बंधांनी एकमेकांनाच धरून बसतात. स्वतःलाच मिठी मारून बसलेल्या या रेणूला पाण्याशी नाते जोडता येत नाही. म्हणून यकृत त्याला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची जोड देते आणि मगच पित्तावाटे बाहेर काढते. नवजात बाळाचे यकृत या कामाला पुरते तयार झालेले नसते. बिलिरुबिन साचत जाऊन मेंदूत शिरले तर जन्मभराचे अपंगत्व येऊ शकते. निळ्या प्रकाशाने रेणूचा एक हात दुसऱ्या बाजूला वळतो, मिठी सुटते आणि तो यकृताच्या त्या मदतीवाचून बाहेर पडू शकतो. प्रकाशाने रेणूचा आकार बदलून पकड सोडवणे ही प्रयोगशाळेतील करामत नाही, हे सांगायला याहून मोठा पुरावा कोणता हवा? असंख्य बाळे या साध्या दिव्याने सुखरूप घरी गेली आहेत.

आता औषधांकडे वळू. औषधाचे दुःख हे की ते सांगितलेल्या जागीच धरत नाही. कर्करोगावरील एखादे औषध पेशीविभाजनाची यंत्रणा धरून ठेवते. पण गाठीतील पेशी कोणती आणि केसांच्या मुळाशी वाढणारी निरोगी पेशी कोणती, हे त्याला कळत नाही. रोग्याचे केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते. औषधाची पकड हवी तेथेच चालू करता आली तर? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड एर्लांगर आणि सहकाऱ्यांनी १९६८ सालीच ॲझो पूल असलेल्या रेणूंनी एंझाइमचे काम प्रकाशाने कमी-जास्त करून दाखवले होते. तो धागा एकविसाव्या शतकात पुन्हा हाती घेतला गेला. २०१५ साली म्युनिकमधील संशोधकांनी 'फोटोस्टॅटिन' नावाचे रेणू जाहीर केले. आफ्रिकेतील एका वृक्षापासून मिळालेल्या विषारी द्रव्याच्या धर्तीवर ते रचलेले आहेत. सरळ रूपात ते जवळजवळ निरुपद्रवी असतात; निळ्या प्रकाशात वाकले की पेशीविभाजनाला लागणाऱ्या ट्युब्युलिन प्रथिनाला धरतात. संवर्धित पेशींवर त्यांची मारकता प्रकाशात अडीचशे पटींपर्यंत वाढली आणि हिरव्या प्रकाशाने ती पुन्हा मागे घेता आली.

दुसरी आशा अंधत्वाची आहे. काही आनुवंशिक विकारांत दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. त्यांच्या मागच्या चेतापेशी मात्र पुष्कळशा शाबूत असतात. दिवा गेला, पण तारा आहेत. अमेरिकेतील बर्कली येथे रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांत ॲझो कुळातील एक रेणू टोचला. तो सरळ असताना चेतापेशीच्या पोटॅशियमच्या वाटेत बूच होऊन बसतो. प्रकाशाने वाकला की बूच निघते. त्या उंदरांचे डोळे प्रकाशाला पुन्हा प्रतिसाद देऊ लागले. याच घराण्यातील एका रेणूची माणसांवरील प्राथमिक चाचणी २०२२ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे सुरू झाली.

या आशेबरोबर अडचणीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर विज्ञानकथा आणि विज्ञान यांत फरक उरत नाही. पहिली अडचण प्रकाशाचीच. जंबुपार प्रकाश पेशींना अपाय करतो आणि कातडीखाली फार खोल जात नाही. तळहात विजेरीवर धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात. शरीरातून लाल प्रकाशच त्यातल्या त्यात पार जातो. म्हणून लाल किंवा हिरव्या प्रकाशाला उत्तर देणारे रेणू घडवण्याची खटपट चालू आहे. बर्लिनमधील संशोधकांनी २०१२ साली ॲझोबेंझीनवर फ्लोरीनचे चार अणू योग्य जागी बसवून असा रेणू केला की तो हिरव्या प्रकाशाने वाकतो, निळ्याने सरळ होतो आणि अंधारात वाकलेल्या स्थितीतच ठेवला तर निम्मे रेणू सरळ व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात.

दुसरी अडचण हिशेबाची. भिंतीवरची कळ पूर्ण बंद होते. रेणूंची होत नाही. एकच प्रकाश दोन्ही रूपांना थोडाफार शोषता येतो, त्यामुळे शंभरांपैकी ऐंशी वाकले तरी वीस सरळच राहतात. आता औषधाचे सरळ रूप मारक असेल, तर 'बंद' केल्यावरही एक पंचमांश औषध चालूच राहिले. म्हणून शहाणा रसायनज्ञ औषध असे रचतो की अंधारातले रूप निरुपद्रवी आणि प्रकाशातले कार्यक्षम असावे. तिसरी अडचण शरीराची. १९३५ साली जाहीर झालेले प्रोन्टोसिल हे जंतुनाशक ॲझो रंगच होते. शरीरात त्याचा नायट्रोजनचा पूल तुटतो आणि सुटा झालेला भाग जंतूंवर कार्य करतो, हे लवकरच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उमगले. तेव्हा पूल तुटणे हे वरदान ठरले. प्रकाशकळीच्या बाबतीत मात्र पूल तुटला की कळच संपली आणि तुकडे कोठे जाऊन काय करतील, याचा शोध घेणे आले.

श्रोतेहो, मोठ्या शक्तीने धरून ठेवणारा रेणू शोधणे हे एके काळी रसायनज्ञाचे ध्येय होते. हिमोग्लोबिनने, डोळ्याने आणि शिंकाई यांच्या दोन मुकुटांनी आपल्याला शिकवले की, पकडीची किंमत ती कितपत घट्ट आहे यावर ठरत नाही. ती केव्हा सुटते यावर ठरते. ग्रंथालयाच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावले आणि बडोदे संस्थानात पेट्यांमधून गावोगाव पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये निघाली, तेव्हा हाच विचार होता. कपाटात नीट जपलेले पण कोणाच्या हाती न पडणारे पुस्तक आणि कोणाच्या घरी जाऊन परत न आलेले पुस्तक, दोन्ही वाचकाला सारखीच दुर्मीळ. आपल्या ग्रंथालयात सर्वांत जुना आणि सर्वांत गजबजलेला विभाग देवघेवीचा आहे. ती देवघेव शंभर वर्षे अखंड चालली, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत.

 विज्ञानाचे कपाट आपल्या ग्रंथालयात अधिक भरावे आणि त्यातील पुस्तके अधिक वेळा बाहेर जावीत, अशी शुभेच्छा व्यक्त करून माझे भाषण संपवतो.